लाटांच्या जाळीत टाके का चुकतात, भोकं लहानमोठी का होतात आणि विणकाम चुरगळलेलं का दिसतं

प्रश्न थोडक्यात असा: डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम) जाडीच्या लोकरीत, ८ नंबरच्या सुयांवर, लाटांच्या जाळीचा स्टोल विणायला घेतला आहे. चार-सहा ओळी झाल्या की टाक्यांची संख्या बदललेली असते, भोकं एकसारखी येत नाहीत, आणि विणून झालेला भाग आकसून चुरगळल्यासारखा दिसतो. शिवाय याच लोकरीत वेणीचं जाकीट होईल का, असंही विचारलं आहे.

तिसऱ्या तक्रारीची काळजी आधी सोडून द्या. सुईवर असलेली कुठलीही जाळी अशीच दिसते. विणलेला भाग दोन्ही हातांनी आडवा-उभा ताणून उजेडासमोर धरा, नक्षी लगेच उमटेल. धुऊन, ताणून, वाळवल्याशिवाय जाळी पूर्ण होतच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पहिल्या दोन तक्रारी मात्र हातातल्या आहेत आणि विणतानाच सुधाराव्या लागतात.

जाळीचं सगळं विणकाम एका हिशेबावर उभं आहे. सुईवर धाग्याचा एक वेढा घेतला की एक टाका वाढतो आणि त्याखाली भोक पडतं. दोन टाक्यांचा जोड केला की एक टाका कमी होतो. जेवढे वेढे तेवढे जोड, म्हणजे संख्या कायम राहते. कुठलीही जाळी हातात घ्या, त्यात वेढे कुठे आहेत आणि त्यांची भरपाई करणारे जोड कुठे आहेत एवढं शोधलं की ती नक्षी समजली. कागदावरचं वाक्य पाठ करत विणणारीची चूक दहा ओळींनी लक्षात येते. हा हिशेब डोळ्यांनी पाहणारीची त्याच ओळीत येते.

आता वेढा. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये वेढा घ्यायचा असेल तर धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि तो पुढे असतानाच पुढचा टाका सुलट विणायचा. धागा आपोआप उजव्या सुईवरून मागे जातो, तोच वेढा. आधीचा टाका उलट आणि पुढचा सुलट असेल तर धागा पुढेच असतो, वेगळं काही करावं लागत नाही. पण आधीचा सुलट आणि पुढचा उलट असेल, किंवा दोन्ही उलट असतील, तर धागा सुईभोवती पूर्ण फिरवून पुन्हा पुढे आणावा लागतो. सुलटनंतर उलट येताना त्यात सर्वांत जास्त धागा खर्च होतो आणि ते भोक मोठं पडतं. भोकं लहानमोठी होण्याचं एक कारण हे.

तुमच्या नक्षीत वेढे सुलट टाक्यांमध्येच आहेत, म्हणून तुमच्याकडे कारण बहुधा दुसरं आहे. वेढा घेतल्यावर पुढचा टाका विणताना धागा ओढून घट्ट केला की वेढा आवळतो. ज्या ओळीत हात सैल तिथे भोक मोठं, ज्या ओळीत घट्ट तिथे बारीक. वेढा सुईच्या टोकाशी न ठेवता सुईच्या जाड भागावर सरकवायचा आणि पुढचा टाका विणून होईपर्यंत उजव्या तर्जनीने धरून ठेवायचा. आठवडाभरात हाताला सवय होते. आणखी एक पाहा: परतीच्या ओळीत वेढा नेहमीप्रमाणे पुढच्या पायातून, म्हणजे सुईच्या समोरच्या बाजूला असलेल्या धाग्यातून, विणायचा. चुकून मागच्या पायातून विणला तर त्याला पीळ बसतो आणि भोक मिटतं. एखादंच भोक दिसेनासं झालं असेल तर तिथे हेच झालेलं असतं.

जोडाचे दोन मुख्य प्रकार. दोन टाके एकत्र सुलट विणले की डावीकडचा टाका वर बसतो आणि जोड उजवीकडे झुकतो. याला इथे उजवा जोड म्हणू. डाव्या जोडासाठी एक टाका सुलट विणायच्या पद्धतीने सुई घालून न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, दुसराही तसाच घ्यायचा, मग डावी सुई त्या दोघांत समोरून घालून दोन्ही मागच्या पायातून एकत्र विणायचे. जुनी पद्धत अशी होती: एक टाका उचलायचा, पुढचा सुलट विणायचा आणि उचललेला त्याच्यावरून सोडायचा. तीही डावीकडेच झुकते, पण उचललेला टाका वरून ओढताना ताणला जातो आणि सैल, ओबडधोबड दिसतो. पहिल्या पद्धतीतही डावा जोड उजव्याइतका नेटका येत नसेल, तर दुसरा टाका उलट विणायच्या पद्धतीने सुई घालून उचला. बऱ्याच हातांना एवढ्यानेच फरक पडतो. तीन टाक्यांचा एक करायचा आणि मधला टाका ताठ उभा हवा असेल, तर दोन टाके एकत्र सुलट पद्धतीने उचलायचे, तिसरा सुलट विणायचा आणि ते दोन्ही त्यावरून सोडायचे. पानांच्या नक्षीत मधली शीर यानेच उठते.

जोड वेढ्याच्या कुठल्या बाजूला आहे यालाही महत्त्व आहे. समोरच्या प्रत्येक ओळीत “वेढा, उजवा जोड” एवढंच करत गेलात तर संख्या बरोबर राहील, पण कापड तिरकं होत जाईल, कारण भर आणि तूट नेहमी एकाच बाजूला पडते. त्यावर उपाय: समोरच्या एका ओळीत “वेढा, उजवा जोड” आणि पुढच्या समोरच्या ओळीत “डावा जोड, वेढा”. चौकोनी विणायला घेतलेला रुमाल समांतरभुज चौकोन होत असेल तर आधी हे तपासा.

आता तुमची नक्षी. लाटांची ही जाळी स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरची आहे. तिथल्याच उन्स्ट बेटावर लग्नाच्या अंगठीतून पार जाईल इतक्या तलम शाली विणल्या जात. त्या शालींच्या मानाने ही नक्षी फारच सोपी, चार ओळींची, आणि जाळी शिकायला मला दुसरी कुठली इतकी योग्य वाटत नाही, कारण तिचा सगळा हिशेब एकाच ओळीत आहे. १८ टाक्यांचा एक गट, दोन्ही कडांना ३-३ टाके किनारीचे. ते नेहमी सुलट, म्हणजे कड वळत नाही.

पहिली ओळ पूर्ण सुलट.
दुसरी ओळ उलट, किनारीचे टाके सुलट.
तिसरी ओळ, प्रत्येक गटात: ३ वेळा उजवा जोड, ६ वेळा (वेढा, १ सुलट), ३ वेळा उजवा जोड.
चौथी ओळ पूर्ण सुलट.

तिसऱ्या ओळीत सहा वेढे आणि सहा जोड. गटाच्या मध्यभागी सहा भोकं शेजारी-शेजारी येतात, तिथे कापड पसरतं. दोन गटांच्या सांध्यावर एका गटाचे तीन आणि पुढच्याचे तीन असे सहा जोड एकत्र येतात, तिथे कापड गोळा होतं. पसरलेली जागा वर उचलली जाते, गोळा झालेली खाली ओढली जाते, आणि सरळ विणलेल्या ओळी लाटेसारख्या वळतात. लाट टाक्यांच्या ताणातून तयार होते, वेगळी विणावी लागत नाही. चौथी ओळ मागच्या बाजूने सुलट असल्याने समोरून प्रत्येक लाटेवर एक उठलेली रेघ दिसते. परंपरेने सगळे जोड एकाच प्रकारचे असतात. मला स्वतःला गटातले शेवटचे तीन जोड डावे केलेले जास्त आवडतात. त्यामुळे सांध्याच्या दोन्ही बाजू मधे झुकतात आणि दरी स्वच्छ दिसते.

संख्या कुठे चुकते? जवळजवळ नेहमी तिसऱ्या ओळीत, शेवटचा वेढा विसरल्याने. सहावा “वेढा, १ सुलट” झाला की लगेच जोड सुरू होतात आणि हात घाईत पाचावरच थांबतो. म्हणून प्रत्येक १८ टाक्यांनंतर सुईवर खूण अडकवा. प्लॅस्टिकचे मार्कर नसतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास पुरतो. तिसरी ओळ संपली की ओळ पूर्ण मोजत बसू नका. प्रत्येक खुणेपर्यंत ३ जोड, १२ टाके, ३ जोड दिसतात का ते पाहा. चूक ज्या गटात आहे तिथेच सापडेल. इथे एक सूचना: या नक्षीत खुणा जागेवर राहतात, पण ज्या नक्षीत जोड दोन गटांच्या सीमेवर पडतो तिथे खूण त्या ओळीत एक टाका सरकवावी लागते. आणि काही नक्ष्यांत वेढे एका ओळीत आणि जोड पुढच्या ओळीत असतात. तिथे मधल्या ओळींत संख्या वाढलेलीच असणार, ती चूक समजून उसवू नका.

दर आठ किंवा बारा ओळींनी चौथी ओळ झाल्यावर सुरक्षेचा दोरा घाला. बोथट सुईत पांढरा, गुळगुळीत सुती दोरा ओवायचा आणि विणायच्या सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून काढायचा, खुणांच्या फासातून मात्र नाही. दोन्ही टोकं वीतभर मोकळी ठेवायची. पुढे मोठी चूक झाली तर बिनधास्त सुई काढून दोऱ्यापर्यंत उसवता येतं, टाके पळत नाहीत. दोरा गडद रंगाचा नको, धुताना रंग सुटून जाळीवर उतरतो.

छोट्या चुका उसवल्याशिवाय सुधारता येतात. मागच्या ओळीतला वेढा राहिला असेल तर त्या जागी दोन टाक्यांमध्ये जो आडवा धागा दिसतो तो डाव्या सुईवर समोरून मागे उचला आणि टाका म्हणून विणा. भोक जरा घट्ट येतं, पण ताणून वाळवल्यावर ओळखू येत नाही. जास्तीचा वेढा पडला असेल तर परतीच्या ओळीत तो न विणता सोडून द्या. जोड राहिला असेल आणि तो लगेच पुढच्या ओळीत लक्षात आला असेल, तर तिथेच दोन टाके एकत्र करा. दोन ओळींपेक्षा जुनी चूक मात्र दोऱ्यापर्यंत जाऊनच सुधारावी. साध्या विणकामात सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडी चढवत वर आणता येतो. जाळीत वेढे आणि जोड मोकळे झाले की कुठला धागा कशाचा हे कळत नाही आणि दुरुस्तीत नक्षी आणखी बिघडते.

सुयांबद्दल. आपल्याकडच्या सुयांवर अजून जुने ब्रिटिश नंबर असतात: नंबर मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, ७ म्हणजे ४.५ आणि ६ म्हणजे ५ मिमी. डीके लोकरीला साध्या विणकामात ८ नंबर ठीक. जाळीला एक-दोन आकार जाड सुई घ्या, ७ किंवा ६. तुमचं कापड दाट वाटण्याचं हे एक कारण आहे. टोक निमुळतं हवं. बोथट टोकाची सुई जोड करताना दोन टाक्यांत सहज शिरत नाही. टाके निसटत असतील तर धातूपेक्षा बांबूच्या सुया बऱ्या.

सुरुवात आणि शेवट सैल हवेत, नाहीतर लाट कडेला दबते. टाके घालताना दोन सुया एकत्र धरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने टाके उंच होतात, कड लवचीक होत नाही. लवचीकता दोन टाक्यांमधल्या अंतरातून येते. एका सुईवर टाके घाला आणि प्रत्येक दोन टाक्यांत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. बंद करताना दोन टाके मागच्या पायातून एकत्र सुलट विणा, आलेला टाका डाव्या सुईवर परत ठेवा, पुन्हा दोन एकत्र, असं शेवटपर्यंत. ही कड पुरेशी ताणते.

किती टाके घालायचे आणि किती लोकर लागेल हे नमुन्यावरून काढा. दोन गट आणि किनार, म्हणजे ४२ टाके, निदान १४-१५ सेंमी उंचीपर्यंत विणा, धुवा, ताणून वाळवा आणि मगच मोजा. समजा एक गट ९.५ सेंमी भरला आणि किनारीचे तीन टाके सव्वा सेंमी. ५० सेंमी रुंद स्टोलला पाच गट पुरतील: ९० आणि ६ मिळून ९६ टाके. आता नमुना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. २१.५ बाय १४ सेंमीचा नमुना ९ ग्रॅम भरला, तर ५० बाय १६० सेंमीच्या स्टोलला साधारण २४० ग्रॅम लागेल. त्यावर दहा-पंधरा टक्के धरून २७५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमचे सहा गुंडे, सगळे एकाच वेळी रंगवलेले. पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून एकदम घ्या.

आता ताणून वाळवणं. इथे आधी गुंड्यावरची पट्टी वाचा, कारण लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात आणि दोन्हींची रीत वेगळी आहे. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात थोडा सौम्य शाम्पू घालून वीस-तीस मिनिटं भिजत ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, पाण्याचं तापमान एकदम बदलायचं नाही, कारण लोकर आटते आणि जाळी घट्ट चिकटते. दोन्ही हातांवर आधार देऊन उचला, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर टाकून तिच्यावर स्टोल पसरा आणि कडा ओढून टाचण्या लावा. बंद केलेल्या कडेला लाटेचं टोक भोकांच्या मध्यावर येतं, सुरुवातीच्या कडेला ते जोडांच्या जागी येतं. टाचणी त्या-त्या टोकाला लावा. दोन्ही कडा हुबेहूब सारख्या हव्या असतील तर स्टोल दोन अर्ध्या भागांत विणून मध्ये सुईने सांधतात. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि साध्या टाचणीचा तांबडा डाग जाळीवरून निघत नाही. पूर्ण वाळेपर्यंत काढायचं नाही. किंचित ओलसर असताना काढलं तरी ते आकसतं.

ॲक्रिलिक पाण्याने आकार धरत नाही. कितीही ताणून वाळवा, टाचण्या काढल्या की परत आकसतं. त्याला वाफ लागते. कोरडाच स्टोल टाचून घ्या आणि वाफेची इस्त्री दोन-तीन सेंमी वर धरून हळूहळू फिरवा, गार झाल्यावर टाचण्या काढा. इस्त्री टेकवायची नाही. टेकली तर धागा मऊ पडून चकाकतो, लोंबायला लागतो आणि तो बदल कायमचा असतो. आधी नमुन्यावर करून बघा. सुती धाग्यात जाळी सुंदर उठते, पण सुताला स्वतःची उसळी नसते. वजनाने स्टोल लांब होत जातो, म्हणून थोडा आखूड विणा.

वेणीचं जाकीट याच लोकरीत होईल, लोकर एकरंगी आणि नीट पीळ दिलेली असेल तर. वेण्या, साबुदाणा, टोपलीची वीण या सगळ्या उठावाच्या विणी सावलीवर जगतात. गडद रंगात सावली दिसत नाही, रंगीबेरंगी लोकरीत नक्षी हरवते, केसाळ लोकरीत पुसट होते. फिकट, गोल पिळाचा धागा सर्वांत चांगला. साध्या वेणीला ६ सुलट टाके आणि दोन्ही बाजूंना २-२ उलट. दर सहाव्या किंवा आठव्या ओळीला पहिले ३ टाके वेगळ्या सुईवर समोर ठेवून पुढचे ३ विणायचे, मग ठेवलेले विणायचे. वेणी डावीकडे वळते. मागे ठेवले तर उजवीकडे. जाकिटाच्या दोन बाजूंना एकमेकींच्या उलट दिशा द्या. सहा ओळींहून लवकर वळवू नका, कापड फळीसारखं ताठ होतं. वेणी कापड आत ओढते, म्हणून रिब (खालची ताणणारी पट्टी) झाल्यावर प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवा. नाहीतर छातीला जाकीट अपुरं पडेल.

वेणीच्या डाव्या कडेचा शेवटचा सुलट टाका बहुतेकांचा सैल, लांबट येतो. सुलटवरून उलटवर येताना जास्त धागा लागतो आणि तो त्या टाक्यात जमा होतो. त्यानंतरचा उलट टाका विणताना धागा सुईवरून फिरवण्याऐवजी सुईखालून घ्या. धागा कमी लागतो. पुढच्या ओळीत तो टाका सुईवर उलटा बसलेला असेल, त्याला मागच्या पायातून विणा.

साबुदाण्याची किनार द्यायची असेल तर टाके विषम घ्या आणि प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशी विणून सुलटनेच संपवा. समोर उलट दिसणारा टाका सुलट आणि सुलट दिसणारा उलट, एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की कुठूनही सुरुवात करता येते. ही वीण साध्या विणीपेक्षा रुंद पसरते, त्यामुळे खालच्या किनारीला एक नंबर बारीक सुई वापरा.

वेणी चुकीच्या बाजूला वळलेली वरच्या दहा ओळींनंतर दिसली तरी सगळं उसवायची गरज नाही. फक्त ते सहा टाके सुईवरून सोडा, चुकलेल्या ओळीपर्यंत शिडी उतरू द्या, तीन-तीन टाके दोन आखूड सुयांवर घेऊन योग्य बाजूला वळवा आणि शिडीचा एकेक धागा खालून वर क्रमाने विणत आणा. सगळ्यात खालचा धागा आधी. वरचा धागा आधी उचलला गेला तर तिथे उरलेला फास पुन्हा सगळं खाली नेऊनच सुटतो.